बॉक्सिंगमध्ये जास्त ठोसे मारणारा कधीकधी हरतो कसा? गुण नक्की कसे द्यायला हवेत?

हा प्रश्न विचारताना तुम्ही मॅनी पाकियाओ आणि टिमोथी ब्रॅडली यांच्या लढतीचं उदाहरण दिलंय, आणि ठोशांच्या आकड्यांवरून पाकियाओच जिंकायला हवा होता असं म्हटलंय, तर तिथूनच सुरुवात करतो. ९ जून २०१२ ची लढत. लढतीतले ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स या कंपनीच्या आकड्यांनुसार पाकियाओचे २५३ ठोसे लागले, ब्रॅडलीचे १५९. तरी दोन जजनी ११५-११३ असा कौल ब्रॅडलीला दिला, तिसऱ्याने तेवढ्याच फरकाने पाकियाओला, आणि विजेतेपदाचा पट्टा ब्रॅडलीकडे गेला. तो निकाल मलाही चुकीचाच वाटतो. (नंतर तो पट्टा देणाऱ्या डब्ल्यूबीओ या संघटनेने पाच जजना ती लढत पुन्हा बघून गुण द्यायला सांगितले. पाचही जणांच्या हिशेबात पाकियाओ जिंकला. निकाल काही बदलला नाही.) पण "ठोसे जास्त लागले, म्हणून तोच जिंकायला हवा होता" हे तुमचं कारण पटत नाही.

कारण प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये ठोशांची बेरीज कुणी करतच नाही. रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना तीन जज बसतात आणि प्रत्येक राउंड संपला की तो कुणाचा, एवढंच ठरवतात. ज्याचा राउंड त्याला १०, दुसऱ्याला ९. ठोसा लागून खाली पडला तर आणखी एक गुण जातो, म्हणजे साधारणपणे १०-८. दोनदा पडला तर १०-७. राउंड संपताच चिठ्ठी रेफरीकडे जाते. मागचा राउंड आठवून नंतर फिरवाफिरवी करायची सोय नाही, आणि ते उत्तमच आहे.

आता बारा राउंडची लढत धरा. सात राउंड 'अ'ने अगदी थोडक्यात घेतले, पाच राउंड 'ब'ने धो धो मारून घेतले. हिशेब येतो ११५-११३, जिंकला 'अ'. एकूण ठोसे मोजले तर 'ब'चे कितीतरी जास्त भरतील. टेनिसमध्येही एकूण पॉइंट जास्त घेऊन माणूस सामना हरू शकतो, तिथे कुणी अन्याय म्हणून ओरडत नाही. फरक एवढाच की टेनिसमध्ये चेंडू आत की बाहेर हे दिसतं. इथे राउंड कुणाचा, हे माणसाच्या मतावर आहे.

ते मत कशावर बनवायचं? नियमात चार गोष्टी आहेत: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. चारही एका ओळीत लिहिल्यामुळे त्या सारख्याच वजनाच्या वाटतात आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. राउंड स्वच्छ ठोशांवरच ठरला पाहिजे. बंद मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या किंवा कमरेच्या वरच्या धडाच्या समोरून वा बाजूने, मध्ये ग्लव्ह किंवा कोपर न येता लागलेला ठोसा तो स्वच्छ. प्रेक्षकांतून "ओऽऽ" असा आवाज येतो तेव्हा निम्म्या वेळा ठोसा समोरच्याच्या गार्डवर, म्हणजे बचावासाठी वर धरलेल्या हातांवर बसलेला असतो. उलट बरगडीत घुसलेला छोटासा डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पुढच्या दोन राउंडमध्ये त्या माणसाचे पाय जड होतात, ते त्या हुकमुळे.

आक्रमणाच्या आधी 'परिणामकारक' हा शब्द उगाच नाही. सतत पुढे चालत जाणारा आणि दर पावलाला जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) खाणारा बॉक्सर आक्रमक दिसतो, पण राउंड त्याचा नसतो. रिंगवरचा ताबा म्हणजे लढत कुणाला हव्या त्या अंतरावर आणि हव्या त्या वेगाने चालली आहे, हे बघणं. तसं पाहिलं तर मागे सरकणाराही मालक असू शकतो. बचावाचं म्हणाल तर ठोसा चुकवला याचे वेगळे गुण नकोत. समोरच्याचा ठोसा लागला नाही, हेच त्याचं बक्षीस. ठोशांवरून दोघं खरोखर सारखे वाटले, तरच उरलेल्या तीन गोष्टींकडे वळावं.

मग सरळ ठोसेच का मोजू नयेत? तोही प्रयोग झाला आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्सने यजमान देशाच्या पार्क सी-हुनला अक्षरशः धुतलं. लागलेल्या ठोशांचा हिशेब ८६ विरुद्ध ३२ असा होता आणि सुवर्ण गेलं पार्ककडे, ३-२ ने. त्या नाचक्कीनंतर १९९२ च्या बार्सिलोनापासून ऑलिम्पिकमध्ये बटणं आली. पाच जज, प्रत्येकापुढे बटणं. एका सेकंदाच्या आत किमान तिघांनी दाबलं तरच एक गुण. कागदावर झकास. प्रत्यक्षात जवळून झालेल्या मारामारीत पाच-सहा ठोसे सटासट बसले, तर बोटं मागे पडायची आणि गुण मिळायचा एखादाच, कधी तोही नाही. धडावरचे ठोसे वाया जायचे. समोरच्याला खाली पाडणारा उजवा आणि नाकाला टेकवलेला डावा, दोन्हींची किंमत एकच. साहजिकच मुलं त्या यंत्रासाठीच खेळायला शिकली: लांबून एक स्पष्ट टिचकी, मग पळ, मग हात वर करून बचाव. २०१३ मध्ये ती पद्धत मोडीत निघाली आणि तिथेही दहा गुणांची पद्धत आली.

पद्धत बदलल्याने माणसं बदलत नाहीत, हे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दिसलं. आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या निकितीनकडून हरल्यावर त्याने कॅमेऱ्यासमोर जजना मधलं बोट दाखवलं, ते तुम्ही पाहिलं असेल. नंतर रिओचे सगळे ३६ रेफरी आणि जज बाजूला केले गेले आणि २०२१ मधल्या स्वतंत्र चौकशीने तिथे निकाल फिरवण्याची यंत्रणाच होती असं म्हटलं.

पण प्रत्येक विचित्र निकालामागे लबाडी नसते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३-२ ने हरली. दुसरा आणि तिसरा राउंड पाचपैकी तीन-तीन जजनी मेरीला दिला होता, त्यामुळे "तीनपैकी दोन राउंड जिंकून हरली कशी?" असा गदारोळ झाला. उत्तर गणितात आहे. पहिला राउंड चार जजनी व्हॅलेन्सियाला दिला होता. राउंडची बेरीज एकत्र होत नाही. प्रत्येक जज आपापल्या तीन राउंडचा हिशेब करतो आणि मग पाच जजांचे कौल मोजतात. पाचांपैकी तिघांच्या कागदावर व्हॅलेन्सिया पुढे होती. मेरी त्या लढतीत सरस होती की नाही यावर वाद घालता येईल, हिशेबावर नाही.

माझा राग असतो तो वेगळ्या गोष्टीवर. २०१७ मध्ये मेक्सिकोचा कॅनेलो अल्वारेझ आणि कझाकस्तानचा गोलोव्किन यांची लढत बरोबरीत सुटली. एकाने ११५-११३ गोलोव्किनला दिले, दुसऱ्याने ११४-११४, आणि तिसऱ्या जजच्या कार्डावर (गुणपत्रिकेवर) ११८-११० कॅनेलो! म्हणजे बारापैकी दहा राउंड. एखादा अटीतटीचा राउंड इकडे-तिकडे होणं समजू शकतं. जज खाली बसलेला असतो, मध्ये दोर, रेफरीची पाठ, कधी बॉक्सरचीच पाठ, त्यामुळे तिघांना तीन वेगळ्या लढती दिसतात. पण दहा राउंड? अशा जजला दुसऱ्या दिवशी राउंडनिहाय लेखी कारणं द्यायला लावावीत आणि ती जाहीर करावीत. आणि प्रत्येक जजला छोटा पडदा द्यावा, म्हणजे पाठीमागे लपलेला ठोसा तरी दिसेल.

दुसरी मागणी गुणांच्याच वापराबद्दल. खाली न पडताही एखादा पुरता झोडपला गेला तर १०-८ देण्याची मुभा आहे, पण जज सहसा धजत नाहीत. खरोखर समसमान राउंडला १०-१० देणंही कमीपणाचं मानलं जातं. त्यामुळे केसभर फरकाचा राउंड आणि एकतर्फी राउंड, दोन्ही १०-९ या एकाच डब्यात पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये हेवीवेट गटातल्या उसिक-फ्युरीच्या दुसऱ्या लढतीत प्रयोग म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेलाही गुण द्यायला लावले होते. तिन्ही माणसांनी ११६-११२ दिले, यंत्राने ११८-११२. दोन्हींकडे उसिकच. पण यंत्राच्या आकड्यांची बेरीज २३० भरते, जी एरवी (बारा राउंड, प्रत्येकी १०+९) २२८ असते. म्हणजे त्याने दोन राउंड बेधडक बरोबरीत सोडले.

कॉम्प्युबॉक्सबद्दल एक खुलासा, कारण तुम्ही त्यावर फार विसंबला आहात. तीही माणसंच बटणं दाबून मोजतात, आणि ठोसा किती जोराचा होता हे त्या आकड्यात नसतं.

पुढच्या लढतीला टीव्हीचा आवाज बंद करा आणि प्रत्येक राउंड संपल्यावर, रिप्ले सुरू व्हायच्या आत, कागदावर १०-९ लिहून टाका. समालोचक कुणाच्या बाजूने बोलतो त्याकडे आपली नजर नकळत ओढली जाते. मग त्याच पाकियाओ-ब्रॅडली लढतीचं तुमचं कार्ड इथे टाका. माझं ११७-१११ पाकियाओ आहे, आणि त्यातल्या दोन राउंडवर मी वाद घालायला तयार आहे.