शिक्षा, शिस्त की वळण?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात आठवड्याला बायकांची प्रार्थनासभा भरते. यावेळचा विषय होता ख्रिस्ती जीवनातली शिस्त, प्रीती आणि नातेसंबंध. पाळकसाहेबांनी बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं वचन वाचलं, की प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. मागं भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी फटकन बोलल्या, "देव का शाळेतला मास्तर हाय का, शिक्षा कराले?" सभा हसली, पाळकसाहेबही हसले, पण प्रश्न काही सुटला नाही. ताई विचारतात : इथं 'शिक्षा' हा शब्द चुकलाय का? 'शिस्त' म्हणावं का? आणि सभेत कुणीतरी सांगितलं की शिष्यानं पाळायची ती शिस्त, म्हणून तो शब्द शिष्यावरूनच आला. हे खरं का?

शेवटचं आधी घेतो, ते लवकर आटोपतं. खरं नाही. शिष्य हा शब्द संस्कृतातल्या 'शास्' धातूचा. शास्त्र, शासन, शिष्ट ही त्याची सख्खी भावंडं. तेव्हा 'पवित्र शास्त्र' वाचणारा 'शिष्य' ही जोडी एकाच घरातली आहे, हे मान्य. शिस्त मात्र बाहेरून आलेली सून. ती फारसीकडची, आणि माहेरी तिचा संबंध तिरंदाजाच्या अंगठ्याशी नि नेमाशी. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात 'नेम' हा अर्थ दिलेला आहे. नेम धरताना डोळा, नळी आणि निशाण एका रेषेत यावं लागतं. रेषेवरून रांग, रांगेवरून पद्धत, असं करत ती शाळेच्या प्रार्थनेपर्यंत पोचली. आमच्या चौकातली पोट्टी आता "शिस्तीत जा बे" म्हणतात, तेव्हा त्यांना फक्त 'सावकाश जा' म्हणायचं असतं.

आता शिक्षा. हिचा प्रवास जास्त मजेदार आहे. 'शक्' म्हणजे जमणं, करू शकणं. त्याचं इच्छा दाखवणारं रूप 'शिक्ष्', म्हणजे आपल्याला जमावं असं वाटणं. आपलं 'शिकणं' त्यातूनच आलं. मुळात शिक्षा म्हणजे शिकण्याची खटपट, छडी नव्हे. हिंदीनं तो अर्थ सांभाळला, मराठीनं 'शिक्षण' वेगळं काढलं आणि 'शिक्षा' कोर्टाच्या आणि मास्तरांच्या हवाली केली. आम्ही वरुडकडचे, पलीकडं हिंदी मुलखातलं मुलताई, पांढुर्णा, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच ओसरीवर भेटतात. एकदा मुलताईच्या सोयऱ्यांकडून पत्रिका आली. त्यात नवरदेवानं भोपाळला 'उच्च शिक्षा' घेतल्याचं मोठ्या अक्षरात छापलेलं. आमच्या आत्यानं ती दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "काय केलं होतं गा त्यानं?"

तुमच्या सभेतल्या आजींची अडचण आत्याचीच आहे. शब्द जुना, कान आजचा.

पण म्हणून भाषांतरकाराला दोष देऊन मोकळं होता येत नाही. मूळ ग्रीक पत्रात तिथं जो शब्द आहे, 'पायदेइया', तो 'पाइस' म्हणजे मूल यावरून आलेला. लेकराला वाढवताना जे जे करावं लागतं ते सगळं त्यात येतं : शिकवणं, सवय लावणं, रागावणं, प्रसंगी मारणंसुद्धा. पौल गमलिएल या गुरूच्या पायाशी शिकला, असं प्रेषितांच्या कृत्यांत येतं, तिथं हेच क्रियापद आहे. आणि लूकाच्या तेविसाव्या अध्यायात रोमी सुभेदार पिलात म्हणतो की मी येशूला फटके मारून सोडून देतो, तिथंही हेच! एकाच शब्दात गुरुकुलही आणि चाबूकही. मराठीत असा दोन्ही टोकांना पुरणारा शब्द नाही, त्यामुळे भाषांतरकाराला जागोजाग निवड करावी लागते. आपल्या बायबलातच बघा. इफिसकरांस पत्रात बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या 'शिस्तीत' वाढवा. ती शिस्त आणि इब्री पत्रातली शिक्षा हे मुळात एकाच घरातले शब्द. एका ठिकाणी ग्रीक शब्दाचं नाम 'शिस्त' झालं, दुसऱ्या ठिकाणी त्याचंच क्रियापद 'शिक्षा करणं' झालं. (जाता जाता : 'चिरडीस आणू नका' हे मला फार आवडतं. चिरडीला आलेलं पोर ज्यानं सांभाळलंय त्यालाच ते सुचणार.)

म्हणजे 'शिक्षा' चूक नाही, पण आज अपुरी आहे. 'शिस्त' घेतली तर फटक्यांची आठवण जाते खरी, पण तिच्यात लेकरूही उरत नाही. शिस्त फौजेला असते, बँकेच्या रांगेला असते. ती लावणाऱ्याचं आणि पाळणाऱ्याचं नातं असलंच पाहिजे असं नाही. आणि त्या अध्यायाचा सगळा जोर तर नात्यावर आहे : तुम्ही पुत्र आहात म्हणून हे चाललंय, परक्याच्या पोराला कोण सुधारायला जातं?

मला विचाराल तर या जागेचा शब्द तुमच्या आजींकडंच आहे. वळण. लेकराले वळण लावणं, हात वळणावर येणं, वळणाची पोरगी. हा शब्द मला नीट कळला तो घरात नव्हे, वावरात.

आमच्या बाबांनी एक गोऱ्हा, म्हणजे कोवळा बैल, शिकवायला घेतला होता, तेव्हा मी सहावीत असेन. आधी काही दिवस त्याच्यामागं नुसता लाकडाचा ओंडका बांधून फिरवला. मग एका सकाळी त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुवाखाली घातलं आणि मागं वखर. तासात, म्हणजे सरळ ओळीत, तो बरा चालला. पंचाईत झाली ती धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधाशी. तिथं वळायचं असतं, आणि गोऱ्ह्याला वाटलं आता सुटलो, तो थेट शेजाऱ्याच्या तुरीत निघाला. जुना बैल जागचा हलला नाही. नुसता उभा राहिला, मान जरा आत घेतली, आणि जू त्याच्या बाजूनं अडकल्यावर गोऱ्हा आपोआप फिरला. बाबांच्या हातात तुतारी होती, म्हणजे आपली बैल हाकायची काठी, पण टोचायची आर मागच्या बाजूला ठेवून उलटी धरलेली. दुपारपर्यंत त्यांनी ती दोनदा टेकवली असेल, टोचली एकदाही नाही. तिसऱ्या दिवशी गोऱ्हा धुऱ्याच्या चार पावलं आधीच मान आत घ्यायला लागला. बाबा म्हणाले, "आला वळणावर."

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण बहुतेक वाईट संगतीसाठी वापरतो. बाबा ती जुन्या बैलाचं कौतुक म्हणून वापरायचे.

आता मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू म्हणतो, माझं जू आपणावर घ्या आणि माझ्यापासून शिका. ग्रीकमध्ये 'शिका' आणि 'शिष्य' हे दोन शब्द एकाच धातूचे आहेत, म्हणजे तिथला शिष्य शासन करण्यावरून नव्हे, शिकण्यावरून आलेला. आणि जू एकट्याच्या मानेवर नसतं हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रवचनात या वचनावर 'ओझं हलकं' एवढंच बोललं जातं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

काठीचंही तसंच. नीतिसूत्रांत मुलाला आवरायची जी काठी येते, तिचा हिब्रू शब्द आणि तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात धीर देणारी जी आहे, तिचा शब्द एकच. त्या स्तोत्राच्या मराठीत काठीबरोबर 'आकडी' आहे. आपल्याकडं शेळ्या राखणारा आकडीनं काय करतो ते पाहिलंच असेल. बाभळीची फांदी खाली ओढतो, म्हणजे शेळीच्या तोंडाशी पाला येतो.

दुसरा शब्द प्रीती. तो बायबलात पक्का बसलाय आणि चर्चमध्ये ऐकताना खटकत नाही, पण लेकराला पोटाशी धरून कुणी 'माझी तुझ्यावर प्रीती आहे' म्हणत नाही. गावात 'जीव लावला' म्हणतात, किंवा 'माया'. माया म्हटलं की काहींना वेदान्तातली, भुलवणारी माया आठवते, म्हणून तिला धर्मग्रंथात जागा मिळणं अवघड. तुमच्या सभेत मात्र शिवण येणाऱ्या बाया असतीलच. त्यांना विचारा, पोरीचा फ्रॉक शिवताना आत कापड जास्तीचं सोडतात त्याला काय म्हणतात. मायाच. पोरगी वाढली की शिवण उसवून तेवढं सैल करता येतं. पहिल्या करिंथकराच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचं पहिलंच लक्षण 'सहनशील' असं दिलंय, आणि मला तिथं दरवेळी आतून सोडलेलं ते दोन बोटं कापड दिसतं.

नातेसंबंध या शब्दाबद्दल फार बोलत नाही. तो समुपदेशकांचा आहे, नातं म्हटलं तरी भागतं. एक गोष्ट तेवढी लक्षात आणून देतो. आमच्या घरी बाबांना 'तुम्ही' होतं आणि आईला 'तू'. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'पित्या' म्हणतो आणि लगेच 'तुझे नाव' म्हणतो. म्हणजे हाक बापाची आणि सर्वनाम आईचं. लहानपणी मी एकदा चुकून 'तुमचे नाव पवित्र मानले जावो' म्हणालो, तर आजीनं डोळे मिटलेल्या अवस्थेतच माझी मांडी चिमटली होती. ते पायदेइया.

आपल्याकडचे शब्द धर्मग्रंथाला चालतील का, अशी शंका ताईंच्या मनात असेल तर ती सोडावी. विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं बंगालातल्या सेरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला, तेव्हा त्याच्या हाताशी असलेले पंडित वैजनाथशास्त्री नागपूरकडचे होते. पुढं पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बोलीत सगळं बायबल आणायचं मनावर घेतलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते छापून आलं १९२४ मध्ये. खुद्द यवतमाळला १९५३ पासून तीस वर्षं ग्रीक आणि हिब्रू शिकवणारी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, होती, नंतर ती पुण्याला गेली.

तेव्हा वाचताना छापलेलंच वाचा, 'शिक्षा करतो'. समजावताना 'वळण लावतो' म्हणा. आजींना चालेल असं वाटतं. आणि त्यांना माझ्यातर्फे एक विचाराल का? गोऱ्ह्याला पहिल्यांदा जुवाखाली घालतात, त्या कामाला दारव्ह्याकडं वेगळा शब्द आहे का? आमच्याकडं नुसतं 'शिकवणं' म्हणतात, पण बाबा आणखी काहीतरी म्हणायचे आणि ते मला आता आठवत नाही.