भातखाचरांतून ख्मेर चुलीपर्यंत : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी कंबोडियातल्या सिएम रीपजवळच्या एका दिवसाबद्दल लिहिलं होतं. सकाळी सायकलवरून बाजार, भातशेती, कमळांची तळी बघायची. दुपारी गावातल्या एखाद्या घरात ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांचे, पदार्थ शिकायचे आणि तिथेच मांडी घालून जेवायचं. त्यावर बरीच पत्रं आली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी त्या शहरात काही वर्षं राहिले. शेजारच्या मिंगने, म्हणजे आपल्याकडच्या मावशीने, मला तिच्या खलबत्त्याशी बसवून शिकवलं. त्या ओळखीच्या बळावर उत्तरं देते आहे.

ताई, माझं वय ६१. रोज तलावपाळीला फेऱ्या मारते, पण सायकल कॉलेजनंतर चालवलेली नाही. गुडघे अधूनमधून कुरकुरतात. ह्यांना तर सायकल येतच नाही. आम्ही जावं का?
– एक वाचक, ठाणे

जरूर जा. सिएम रीपच्या आसपासचा मुलूख अगदी सपाट आहे. अर्ध्या दिवसाची फेरी साधारण २० ते ३० किलोमीटरची असते, तीही थांबत थांबत. दक्षिणेला तोनले साप तळ्याच्या काठी फ्नोम क्रोम नावाची एक टेकडी आहे, पण तिच्यावर सायकल चढवायची सक्ती कोणी करत नाही. दमवतात ते ऊन आणि लाल मातीच्या रस्त्यावरची धूळ. नाकातोंडावर बांधायला सुती रुमाल न्या, सकाळी सातच्या आत निघा.

जाण्याआधी महिनाभर सराव मात्र करा. न थांबता सहा-सात किलोमीटर जमलं की पुरे. गुडघ्यांसाठी सीटची उंची फार महत्त्वाची. पायडल खाली गेल्यावर पाय जेमतेम वाकलेला राहिला पाहिजे. भाड्याच्या सायकलींची सीट बहुधा फार खाली असते, ती निघण्याआधी वर करून घ्या. लाजू नका, सगळ्यांना थांबवा.

आणखी एक. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सरळ जाताना ते लक्षात राहतं; गल्लीतून वळून मोठ्या रस्त्यावर येताना मात्र आपला हात सवयीने डावीकडे वळतो. पुढे वाटाड्या असेल तर वळणावर त्याच्या मागेच राहा. पुढच्या चाकाचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, तेही उभ्या उभ्या दाबून बघा.

तुमच्या ह्यांच्यासाठी रेमॉर्क सांगा. मोटरसायकलला जोडलेली छपराची गाडी असते, तिथली टुकटुक. ते सावलीत बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतील आणि तुम्ही दमलात तर सायकलही मागे चढवता येईल. स्वयंपाकाला दोघांनी एकत्र बसा.

आम्ही घरचे सगळे शाकाहारी. तिथे प्रत्येक पदार्थात मासा असतो असं ऐकलं. मग स्वयंपाक शिकायला बसून करणार काय?
– एक वाचक, सांगली

ऐकलंत ते जवळपास खरं आहे. त्याचं कारण तोनले साप हे तळं. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तळ्याला जोडणारी नदी उलटी वाहू लागते. एरवी सुमारे २५०० चौरस किलोमीटरचं तळं मग १०,००० च्या पुढे पसरतं. पाणी ओसरताना मासे थव्याथव्याने बाहेर पडतात. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास छोटे मासे स्वस्त होतात आणि घरोघर प्राहोक घातलं जातं. मासे साफ करून चेचायचे, उन्हं दाखवायची, मीठ लावून मडक्यात भरायचे. वर्षभर भाजीला, आमटीला, चटणीला हाच खारटपणा. शिवाय फिश सॉस आहेच.

त्यामुळे ‘चिकन-मटण नको’ एवढंच सांगून भागत नाही. यजमानीण मांस वगळेल, पण फिश सॉस घालेल, कारण तिच्या हाताला ते मीठच आहे. नोंदणी करतानाच स्पष्ट लिहा: मांस, मासा, फिश सॉस, प्राहोक, कोळंबीची पेस्ट आणि ऑयस्टर सॉस यांतलं काहीही नको. अंडं चालतं की नाही, तेही सांगा. खलबत्ता धुऊन वेगळा ठेवायला सांगा. प्राहोक कुटलेल्या दगडाचा वास सहज जात नाही. आदल्या संध्याकाळी परत एकदा आठवण करा. बौद्ध सणावारी शाकाहार पाळणारी माणसं तिथेही आहेत, तुमचं म्हणणं कोणाला विचित्र वाटणार नाही.

एवढं सांभाळलं की शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आमोक, म्हणजे नारळाच्या दुधात कालवून केळीच्या पानात वाफवलेला पदार्थ, मशरूम, टोफू आणि लाल भोपळ्याचा छान होतो. केळफुलाची कोशिंबीर आहे. आणि सामलॉर कोको शिकल्याशिवाय येऊ नका! कच्ची पपई, कच्चं केळं, भोपळा, वांगी, शेवग्याचा पाला असं परसातलं सगळं एका पातेल्यात, आणि दाटपणाला भाजून कुटलेले तांदूळ. प्राहोकाऐवजी मीठ आणि थोडा सोया सॉस घातला तरी भाजलेल्या तांदळाचा खमंगपणा जात नाही. माझ्या मते आमोकपेक्षा हाच ख्मेर घराचा खरा पदार्थ. पर्यटकांच्या पाटीवर तो क्वचित दिसतो, म्हणून मुद्दाम मागा.

जैन मंडळींना मात्र आधीच सांगते, तिथलं मूळ वाटण हळद, लसूण, कांदा अशा जमिनीखालच्या जिनसांचंच असतं. ते वगळून ख्मेर चव येत नाही. भाताबरोबर फळं-भाज्यांवर भागवावं लागेल.

तुमचा लेख आवडला, पण एक बोचलं. गरिबांच्या गावातून सायकली फिरवायच्या, त्यांच्या घरात शिरून फोटो काढायचे, ही त्यांच्या गरिबीची सहल नाही का?
– एक वाचक, नाशिक

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. शंका रास्त आहे, आणि असे प्रकार होतातही.

सगळं अवलंबून आहे कोणाबरोबर जाता यावर. नोंदणीआधी विचारा: स्वयंपाक कोणाच्या घरी होतो? पैशातला किती वाटा त्या घराला मिळतो? एका वेळी किती पाहुणे असतात? सात-आठ माणसांपर्यंत घर घर राहतं; बस भरून माणसं उतरली की तो मांडव होतो. सगळं आधीच चिरून वाट्यांत मांडलेलं असेल आणि आपण फक्त ढवळायचं असेल, तर तो वर्ग सोडून द्या. बाजारात जाऊन भाजी निवडणं, नारळ खवणं, वाटण कुटणं हे ज्यात आहे तोच घ्या. आणि वाटेत अनाथाश्रमाला किंवा चालू शाळेच्या वर्गाला भेट असेल तर सरळ नकार द्या. कंबोडियात पर्यटकांच्या देणग्यांवर अशा संस्था वाढल्या आणि आईवडील हयात असलेली मुलंही तिथे ठेवली गेली. रस्त्यात हात हलवणाऱ्या मुलांना हात हलवून उत्तर द्या. चॉकलेटं आणि पैसे वाटू नका.

आता त्या घराबद्दल. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर सत्तेवर आले. शहरं रिकामी केली, आणि पुढे घरात स्वयंपाक करण्यावरच बंदी आली. भांडीकुंडी जमा झाली. सगळ्यांनी सामुदायिक भोजनगृहात जेवायचं, आणि जेवण म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात शोधावी लागतील अशी तांदळाची शितं. गावातल्या माडाचा नारळ किंवा शेतातला खेकडा गुपचूप खाल्ला तरी शिक्षा. जानेवारी १९७९ पर्यंतच्या त्या काळात उपासमार, आजार, अतिश्रम आणि हत्या यांत सुमारे १५ ते २० लाख माणसं गेली. आज साठीच्या पुढे असलेल्या प्रत्येक ख्मेर बाईने हे भोगलेलं आहे.

मिंगच्या सासूबाई, आम्ही त्यांना यिये म्हणजे आजी म्हणायचो, त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पण पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की त्या न विचारता भात वाढायच्या, आणि पातेल्याला लागलेला करपलेला थर खरवडून उन्हात वाळवून ठेवायच्या. त्या घरात जो पाहुणा येई तो जेवल्याशिवाय सुटत नसे. अशा घरातली बाई तुम्हाला स्वतःच्या चुलीशी बसवते, स्वतःचं वाटण शिकवते आणि त्याचे रास्त पैसे घेते, तेव्हा ती गरिबी दाखवत नसते. ती तिचं कसब दाखवते. तुम्ही तिथे विद्यार्थी आहात, विद्यार्थ्यासारखे वागा. चपला बाहेर काढा, थोरांना हात जोडा, फोटो विचारून काढा, आणि जेवण झाल्यावर भांडी विसळायला हात लावा. इतिहासाचे प्रश्न त्यांना विचारू नका. त्यांनी आपणहून काही सांगितलं तर ऐकून घ्या.

क्रुंग नावाचं वाटण घरी करता येईल का? आमच्या परसात गवती चहा आहे, ओली हळदही मिळते.
– एक वाचक, रत्नागिरी

तुमच्याकडे अर्धं साहित्य आहेच. फक्त गवती चहाची पाती वापरू नका, ती आपण चहात टाकतो तशी इथे चालत नाहीत. बुंध्याशी धरून काडी मुळापासून उपटा आणि खालचा पांढरट, जाडसर चार-पाच इंच भाग घ्या. अशा सहा-सात काड्यांच्या अगदी पातळ चकत्या करा. इंचभर ओलं कुलिंजन (मोठ्या शहरांतल्या भाजीवाल्यांकडे ‘गलांगल’ म्हणून मिळतं, आलं त्याच्या जागी चालत नाही, चव बदलते), करंगळीच्या पेराएवढी ओली हळद, लसणीच्या पाच पाकळ्या, तीन-चार सांबार कांदे. तिकडच्या खडबडीत सालीच्या लिंबाची पानं मिळाली तर चार, मधली शीर काढून. नाहीतर परसातल्या लिंबाची कोवळी पानं आणि किसलेली थोडी साल.

खलबत्त्यात आधी गवती चहा आणि चिमूटभर मीठ. धागे पूर्ण मोडल्याशिवाय पुढचं काही टाकायचं नाही. मिंग या पायरीवर कधी घाई करू द्यायची नाही. मग कुलिंजन, पानं, हळद, आणि शेवटी लसूण-कांदा. मिक्सर वापरलात तर पाणी न घालता दोन चमचे नारळाचं दूध घाला.

आमोकसाठी हे वाटण वाटीभर दाट नारळाच्या दुधात फेटा. एक अंडं, चमचाभर गूळ, फिश सॉस आणि अर्धा किलो माशाचे तुकडे घाला. तिथे गोड्या पाण्याची मरळ वापरतात, तुम्ही सुरमई घ्या. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करा, त्याचा द्रोण करून तळाशी बारतोंडीची पानं घाला. नसतील तर पालक. वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. थरथरणारा, पण चमच्याने कापता येईल असा झाला पाहिजे. पानाचा वास पिठाला लागावा तसा इथे माशाला लागतो. पानगी करणाऱ्या हातांना हे शिकवावं लागणार नाही.

कोणत्या महिन्यात जावं? अंकोरचं तिकीट लागतं का?
– एक वाचक, पुणे

नोव्हेंबर ते जानेवारी. भात पिवळं झालेलं असतं, कापणी चालू असते, हवा त्यातल्या त्यात थंड. हिरवीगार शेतं हवी असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण चिखलाची तयारी ठेवा. एप्रिल टाळा. दक्षिणेकडच्या गावांच्या फेरीला अंकोरच्या प्राचीन मंदिरांचं तिकीट लागत नाही. मंदिरांच्या परिसरातून जाणारा रस्ता असेल तर लागतं, एका दिवसाचं ३७ डॉलर. २०२३ मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ शहरापासून ४० किलोमीटरहून लांब आहे, तेव्हा उतरल्या दिवशीच सायकल ठरवू नका. आणि वाटेला लागल्यावर मळलेली पायवाट सोडून आडरानात शिरू नका. देशाच्या काही भागांत युद्धकाळातले भूसुरुंग अजून निघायचे आहेत.

येताना काय आणावं?
– एक वाचक, कोल्हापूर

कंबोडियाच्या दक्षिणेकडच्या काम्पोत प्रांताची मिरी. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मीठ, ताजी भरडलेली मिरी आणि लिंबाचा रस एवढ्याच चटणीत तिची चव कळते. दुसरा ताडाचा गूळ. बांते स्रेई मंदिराच्या रस्त्यावर प्रिआ डाक गाव लागतं, तिथे कोरड्या दिवसांत बायका रस्त्याकडेला मोठ्या कढयांत नीरा आटवताना दिसतात. कोल्हापूरच्या माणसाला गुळाचं काय सांगावं! पण हा आणून बघा, रंग फिका आणि खरपूसपणा जास्त. ताडाच्या पानात गुंडाळलेल्या वड्या मिळतात. त्या दमट हवेत पाझरतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा इथूनच न्या. सुट्ट्यासाठी रिएल, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा, एका डॉलरचे साधारण ४००० होतात. फाटलेली किंवा डागाळलेली डॉलरची नोट तिथे कोणी घेत नाही. प्राहोकाची बरणी कितीही मोह झाला तरी सामानात टाकू नका, विमानात फुटली तर बॅग फेकूनच द्यावी लागेल.