बी समरी आली म्हणून केस संपत नाही

अगं,

तुझा मेसेज वाचला. त्या दहा वर्षांच्या पोरीच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत पोलिसांनी बी समरी, म्हणजे तपास बंद करायचा रिपोर्ट, कोर्टात टाकली, आता तिला काय तोंड दाखवू म्हणतेस. संताप होणारच गं, पण आधी तो रिपोर्ट स्वतः वाच, स्टेशनवर कोण काय म्हणालं त्यावर जाऊ नकोस. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, सी म्हणजे गैरसमजातून तक्रार झाली किंवा मामला दिवाणी निघाला, आणि बी म्हणजे तक्रारच खोटी. पुरावा कमी पडणं वेगळं आणि पोरगी खोटारडी ठरणं वेगळं, आणि माझ्या मते तुझी सगळी लढाई याच फरकावर आहे.

कारण काय लिहिलंय बघ. "तारखा जुळत नाहीत" असेल तर मूळ जबाब काढ. दहा वर्षांची मुलगी तारीख सांगतच नाही, ती सांगते गणपतीत, आजी गावाला गेली होती तेव्हा, परीक्षेच्या आदल्या दिवशी. शाळेचं हजेरीपत्रक, आजीचं एसटीचं तिकीट, हे कुणी तपासलंय का? मेडिकल नॉर्मल आलं म्हणून काही झालंच नाही असंही होत नाही, बऱ्याच मुलांच्या अंगावर खूणच राहत नाही.

आणि समरी हा निकाल नाही, मान्य करायची की नाही ते कोर्ट ठरवतं. 1985 च्या भगवंत सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकून घ्यायलाच हवं. तेव्हा पोरीच्या आईच्या नावाने प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे समरीला विरोध करणारा अर्ज, टाका, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे फुकट मिळतो. कोर्ट पुढचा तपास करायला सांगू शकतं, नाहीतर आहे त्या कागदांवरच दखल घेऊन आरोपीला बोलावू शकतं.

इंग्लंडात रॉचडेलला काय झालं ते वाच एकदा. 2008 मध्ये पंधरा वर्षांच्या मुलीने तिच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल पोलिसांना सगळं सांगितलं, डीएनए पण होता, तरी 2009 मध्ये सरकारी वकिलांनी खटला चालवायला नकार दिला, का तर ज्युरीपुढे ती विश्वासार्ह वाटणार नाही. 2011 मध्ये नझीर अफझल तिथले मुख्य सरकारी वकील झाले, त्यांनी तो निर्णय फिरवला आणि मे 2012 मध्ये नऊ जण दोषी ठरले. मुलगी तीच होती गं, आणि जे तिने 2008 लाच सांगितलं होतं त्यावर विश्वास ठेवायला दुसरा माणूस त्या खुर्चीत यावा लागला. मधली वर्षं तिला कोण परत देणार?

पोरीला मात्र आजच भेट. खोटी तक्रार म्हणून तिला पकडतील अशी भीती घरच्यांना कुणीतरी घातली असणार, तर त्यांना स्पष्ट सांग की पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम 22 मध्ये खोट्या तक्रारीसाठी लहान मुलाला किंवा मुलीला शिक्षा नाहीच. आणि तिला कायद्याचं काही सांगत बसू नकोस, "तू सांगितलंस ते मी खरं मानते, साहेबांना ते पुराव्यात बसवता आलं नाही, आपण कोर्टाला परत बघायला सांगतोय" एवढंच, तिच्या भाषेत. जिंकूच असं वचन देऊ नकोस.

अंतरिम भरपाईचा अर्ज केलाय का ते बघ, एफआयआर झाल्यावर तो कधीही करता येतो. आणि नोटीसवरची तारीख कळव मला, त्याआधी पिटिशनचा मसुदा एकत्र बसून वाचू.

तुझी ताई