'अँटिसोशल' नक्की कोणाला म्हणायचे?

एका वाचकाने विचारले आहे: "माझा सव्वीस वर्षांचा भाचा लग्नकार्याला येत नाही, पाहुणे आले की खोलीचे दार लावून बसतो. घरात सगळे त्याला 'अँटिसोशल' म्हणतात. याला मराठी शब्द कोणता, 'असामाजिक' की 'समाजविरोधी'?"

दोन्ही नकोत. अशा मुलासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही: एकलकोंडा, अबोल, घुमा, बुजरा, एकांतप्रिय. माणूसघाणा हा शब्द मात्र जपून वापरावा. त्यात माणसांचा तिटकारा आहे आणि न मिसळणाऱ्या प्रत्येकाला तो असतोच असे नाही.

मानसशास्त्र ज्याला 'अँटिसोशल' म्हणते तो माणूस पुष्कळदा पाहुण्यांत छान रमतो. गल्लीत भिशी चालवणारा, प्रत्येकीला 'ताई, ताई' करणारा आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचे पैसे घेऊन परागंदा होणारा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. सापडल्यावर तोच वर म्हणतो, "मी काय कोणाच्या मानेवर सुरी ठेवली होती?" एकदा असे वागला म्हणून लगेच निदान होत नाही, पण हीच वागणूक वर्षानुवर्षे चालू असेल तर तज्ज्ञ त्या दिशेने विचार करतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निकषांनुसार हे निदान अठरा वर्षांखालील व्यक्तीला लावत नाहीत, आणि वर्तनातील गंभीर बिघाडाच्या खुणा पंधराव्या वर्षाआधी दिसलेल्या असाव्या लागतात.

शब्दप्रेमींना आवडेल अशी एक गोष्ट इथे आहे. स्वभाव मोजण्याची आजची पाच घटकांची पद्धत मुळात शब्दकोशातून निघाली. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी कोशातून माणसांमधला फरक सांगणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढच्या अभ्यासकांनी ते गाळत, गटांत बांधत पाच घटकांपर्यंत आणले. त्यांपैकी समाजविघातक वागण्याशी सर्वांत ठळक नाते दोघांचे दिसते: इतरांची कदर करण्याची वृत्ती कमी असणे आणि स्वतःवर लगाम, जबाबदारीची जाण कमी असणे. बोलका की अबोल, माणसांत रमणारा की एकटा, या घटकाचा संबंध फार क्षीण आहे. अर्थात हे कल असतात; तुसड्या स्वभावाची बहुतेक माणसे आयुष्यभर कोणाचे काही वाकडे करत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही अलिप्तता आणि समाजविघातकता हे दोन स्वतंत्र गुणविशेष आहेत. तुमच्या घरात एका शब्दाने जे एकत्र केले, ते तिथे मुद्दाम वेगळे ठेवले आहे.

आता 'असामाजिक' का नको? संस्कृत वैयाकरणांनी 'नञ्'चे, म्हणजे या 'अ'चे, सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांत अभावही आहे आणि विरोधही. 'अधर्म' म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध असलेले. त्यामुळे 'असामाजिक' ऐकून एकाला अबोल भाचा आठवेल, तर हिंदी बातम्यांतली 'असामाजिक तत्त्वे' कानावर पडणाऱ्याला दंगेखोर.

'समाजविरोधी'ची अडचण वेगळी. समाजाच्या विरोधात तर आगरकरही उभे राहिले. पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. विरोध आणि विघात यांत अंतर आहे, म्हणून माझे मत ठामपणे 'समाजविघातक'च्या बाजूने. 'समाजकंटक' चांगला आहे, पण वर्तमानपत्रांनी तो 'अज्ञात समाजकंटकांनी दगडफेक केली' या वाक्यात इतका रुळवला आहे की एका माणसाच्या स्वभावासाठी तो आता चपखल बसत नाही.

तांत्रिक शब्द नको असेल, तर बोलीतले शब्द जास्त नेमके आहेत. परिणामांची पर्वा नसलेला तो बेदरकार, लाज न उरलेला तो कोडगा, चुकीच्या वागण्याला सरावून मन मेलेला तो निर्ढावलेला, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारा तो उलट्या काळजाचा. भिशीवाल्याला बनेल म्हणता येईल.

भाच्याचे म्हणाल, तर एकटे राहण्यात तो खूश असेल तेव्हा एकांतप्रिय म्हणा. माणसांत यावेसे वाटते पण धीर होत नाही, असे असेल तर बुजरा. पण पूर्वी मिसळणारा मुलगा अलीकडेच दार लावून बसू लागला असेल, तर शब्द राहू द्या. आधी त्याच्याशी बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा.