तारेला टोचलेली पोस्टकार्डे

प्रश्न : जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांनी तारेला टोचून ठेवलेली पोस्टकार्डे सापडली. बहुतेकांत खुशालीपलीकडे काही नाही, अनेकांवर तारीखही नाही. ती जपण्यात काही अर्थ आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : अर्थ निश्चित आहे, मात्र तारेवरून एकही कार्ड काढण्यापूर्वी, ती ज्या क्रमाने टोचली आहेत त्या क्रमाने प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा घाला. पत्र आले की वाचून तारेला लावायचे, हा रिवाज असल्यामुळे वरची कार्डे सहसा अलीकडची असतात आणि बिनतारखेच्या पत्राचा काळ शेजारच्या पत्रांवरून कळतो. छापील किंमत ‘नये पैसे’ अशी असल्यास ते कार्ड १९५७ ते १९६४ या काळात छापलेले असणार. पत्त्यात पिनकोड असेल, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. सावंतवाडीच्या नातेवाइकांनी आपल्या पत्त्यात ‘जि. रत्नागिरी’ लिहिले असेल, तर ते बहुधा १ मे १९८१ पूर्वीचे, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.

मजकूर वाचताना ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ यांच्यात न मावलेले, समासात आडवे लिहिलेले ता. क. आधी वाचा. ‘गुऱ्हाळ पौषाअखेर सुटेल, एक रवा मामांकडे धाडला आहे’ (रवा म्हणजे गुळाची ढेप) एवढ्या ओळीतून उसाचा हंगाम, माहेरचे येणे-जाणे आणि गुळाची देवघेव, असे तिन्ही कळते. आजीच्या नावाचे पत्र शाळकरी अक्षरात असेल, तर ते नातवंडाकडून लिहवून घेतलेले असण्याचा संभव आहे.

पोस्टकार्ड उघडे असल्याने आणि अनेक घरांत पोस्टमनच ते वाचून दाखवत असल्याने कर्ज, भाऊबंदकी, सुनेचे दिवस हे विषय आडून लिहिले जात. ‘मागे बोलणे झाले त्याप्रमाणे करावे’ या वाक्याचा अर्थ तर्काने लावू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मृत्यूची वार्ता देणारे कार्ड वाचताच फाडून टाकण्याची चाल होती, त्यामुळे तुमच्या गठ्ठ्यात बारशी आणि लग्ने भरपूर असतील. पण एखाद्या आत्याचे नाव ‘सर्वांना नमस्कार’ या यादीतून अचानक गळलेले दिसेल. घराची वंशावळ लिहिताना अशा गळलेल्या नावांची वेगळी टिपणे ठेवावीत, असे मला वाटते.

जपणुकीबाबत थोडेच सांगतो. तार गंजलेली असेल तर ती कापून काढा, कार्डे ओढून काढू नका. लॅमिनेशन व चिकटपट्टी टाळा, ओले फडके तर मुळीच फिरवू नका, कारण शाई फुटते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन मूळ कार्डे कोरड्या, अंधाऱ्या पेटीत ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली आहे का ते पाहावे.