येळवशीच्या भज्जीचं सूप होतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, येळवस (वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण) झाली आणि भज्जी (ओले दाणे, भाज्या आणि बेसनाची मिसळीची भाजी) बगुणंभर उरली, पाहुणे येणार म्हणून हात सैल सोडून केली अन् आले निम्मेच. भात आहे, आंबील पण आहे. दुसऱ्या दिवशी पोरं भज्जीला तोंड लावत नाहीत, पाकिटातलं सूप मागतात. ह्यातूनच घरी काही होईल का, टाकवत नाही हो.
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : होतं की ताई, आणि पाकिटापेक्षा लई चांगलं होतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, गाजर, मेथी, पात सगळं शिजून तयार आहे, चिंच-लसूण आहे, दाटपणाला बेसन आहे, तुम्हाला वरून विकत काहीच आणायचं नाही.

पण आधी एक बघा, ही भज्जी घरीच राहिलेली आहे का शेतात जाऊन आलेली? दिवसभर शेतातल्या कोपीपाशी (कडब्याच्या खोपटापाशी) राहून संध्याकाळी परत आलेलं अन्न सुपात घालू नका. शिजलेलं अन्न 2 तासांत फ्रीजमध्ये गेलेलं बरं. भाताचं तर जास्तच सांभाळा, त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की ते जे विष तयार करतात ते परत उकळून जात नाही, म्हणून बाहेर राहिलेला भात जीव घट्ट करून टाकाच. पुढच्या वेळी शेतात न्यायच्या आधीच घरची भज्जी वेगळी काढून ठेवा.

आता सूप. एक वाटी भज्जीला दोन वाट्या गरम पाणी, पण एकदम ओतू नका, बेसन रात्रीतून थिजून गोळा झालेलं असतं, थोडं थोडं पाणी घालत रवीनं मोडा. मूठभर दाणे बाजूला काढा, बाकीचं मिक्सरला फिरवून गाळा, मग चांगलं खळाखळा उकळू द्या, नुसतं कोमट करून देऊ नका. पोरांना तिखट लागत असेल तर लाल भोपळ्याची फोड उकडून त्यातच फिरवा, गोडसर होतं. मीठ शेवटी, चाखूनच, भज्जीत आधीचं असतंच. काढलेले दाणे वरून टाका. शिळ्या भाकरीचे बारीक तुकडे तव्यावर कडक करून सोबत द्या, पोरं आधी तेच संपवतात!

आंबील ह्यात ओतू नका, उकळताना त्यातलं ताक फाटू शकतं, ती वेगळीच प्या.

अजून एक, भज्जी निवडताना कोथिंबिरीची देठं, गाजराचे शेंडे, वाटाण्याची टरफलं आपण सरळ टाकतो. ती धुऊन 20-25 मिनिटं उकळा, गाळा आणि साध्या पाण्याऐवजी हे पाणी वापरा, चव लई वाढते. मेथीची देठं तेवढी नको, कडू होतं.

प्रश्न : होळीला पुरणाचा कट लई उरतो, येळवणी (कटाची आमटी) किती खाणार? त्याचंही सूप होईल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : होतं, फक्त कट गूळ घालायच्या आधी काढलेला पाहिजे. चमचाभर तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण टाका, कट ओता, मिरेपूड, मीठ घालून उकळा, खाली उतरवून लिंबू पिळा. घट्ट हवं असेल तर कटातच थोडी शिजलेली डाळ घोटा. होळीच्या उन्हात कट लवकर आंबतो, त्याच दिवशी करा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.