पहिलं सील बसेपर्यंत

अगं, पॅच क्लॅम्प म्हणजे बारीक काचनळी पेशीला चिकटवून तिथला विजेचा प्रवाह मोजायचं तंत्र. पहिले काही महिने त्याचं सील, म्हणजे काच आणि पेशीची घट्ट पकड, बसलं नाही तर रडू नकोस. माझंही बसत नव्हतं. त्या काचनळ्या, म्हणजे पिपेट, रोज तापवून ताज्या ओढ, कालच्या वापरू नकोस. टोकावर धूळ बसली की गिगाओहमचं, म्हणजे अब्जभर ओहम रोधाचं, सील विसरायचं.

आणि पेशीच्या विजेच्या आलेखातल्या बारीक उड्या लगेच फिल्टर करू नकोस. लंडनमध्ये पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ या शास्त्रज्ञांना बेडकाच्या स्नायूत, चेतातंतूला डिवचलेलं नसतानाही, जेमतेम अर्ध्या मिलिव्होल्टच्या उड्या दिसल्या. १९५२ साली त्यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. चेतातंतूचं टोक रसायन सुटं नाही, पुड्यांनी सोडतं, हे पुढे त्यातूनच उलगडलं. कात्झना १९७० चं नोबेल मिळालं, तेही विभागून.

वीजपुरवठ्यातून आलेखात शिरणारी ५० हर्ट्झची गुणगुण मात्र निव्वळ कचरा. आधी अर्थिंग तपास.